खिंडीत न रुतलेली जीप

माणसांनी सोडून दिलेल्या जीप जनावरं चालवायची, तेव्हाची ही गोष्ट. खिंडीपलीकडे राहणारं एक साळिंदर जुनी जीप घ्यायला कोल्ह्याच्या बाजारात आलं. जवळ हिरड्यांची एकच टोपली होती, आणि तेवढ्या किमतीत दोनच जीप मिळण्यासारख्या होत्या: एक लाल, दुसरी पोचे आलेली.

कोल्ह्याने लाल जीपवरून फडकं फिरवलं. "एकाच मालकाने वापरलेली आहे. चिखल कसा असतो ते हिला ठाऊक नाही. त्या दुसरीचे पोचे बघा, म्हणजे कळेल."

साळिंदर गोंधळलं. त्याने जीपांनाच विचारलं, "खिंडीत कितीदा रुतलात गं?"

"एकदाही नाही," लाल जीप म्हणाली.

"चारदा," पोचे आलेली खाली बघत म्हणाली. "निघाले दर वेळी, पण वेळ लागला."

चारदा म्हणजे फारच झालं. साळिंदराने टोपली लाल जीपपुढे ठेवली. तरी मनातली शंका जाईना, म्हणून त्याने सहज विचारलं, "खिंडीतल्या त्या ओल्या वळणावरून तू निघतेस कशी? मी तर चालतानाही घसरतो."

"कुठली खिंड?" लाल जीपने विचारलं.

साळिंदराने टोपली परत उचलली.