चक्रवाकाच्या पायातलं कडं

तळ्यावर अभयारण्याची पाटी नुकतीच लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. हिमालय ओलांडून आलेला म्हातारा चक्रवाक काठावर धापा टाकत बसला होता. त्याच्या पायातलं कडं बघून टिटवी कुरकुरली, "आजोबा, ते दुर्बीणवाले पाहुण्यांनाच कडी घालतात. आम्ही बारा महिने हाच चिखल तुडवतो, आमचं काय?"

"मानाचं नाही गं ते," चक्रवाक डोळे मिटून म्हणाला. "त्यावर नंबर आहे. मी कुठे मेलो ते त्यांना कळावं, म्हणून घातलंय."

टिटवी आपल्या मोकळ्या पायांकडे बघत राहिली. "म्हणजे तुम्ही मेलात तर कुणाला तरी कळणार."

चक्रवाकाने डोळे उघडले. "पुढच्या हिवाळ्यात आलो, तर उतरल्याबरोबर तुला हाक मारीन," तो म्हणाला. "ओ दिली नाहीस, तर शोधत फिरेन."