चपला आणि चावी

"चावी माझ्या हातात होती, एवढंच सांगायचं. सांगाल ना, बुवा?"

चंद्रहास दाभाडे तिसऱ्यांदा विचारत होता. टेकडीवरच्या मठात दयार्णव बुवा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

गुरुवारी दाभाडेची नवी गाडी मठाच्या दारातून चोरीला गेली होती. दर्शन होईपर्यंत सीट तापायला नको म्हणून हा शहाणा इंजिन आणि एसी चालू ठेवून उतरला. बुवा तेव्हा अंगण झाडत होते.

"अरे, चावी काढ," ते म्हणाले होते.

"विमा आहे बुवा, फुल्ल!" असं म्हणून हा आत.

बाहेर येऊन बघतो तर एसीचं पाणी ठिबकून तेवढी भुई ओली. गाडी कुठली!

आणि आता विमा कंपनी गाडीबरोबर आलेल्या दोन्ही चाव्या मागत होती.

"दुसरी करून घेतली मी," दाभाडे म्हणाला. "पण आज त्यांचा माणूस चौकशीला येतोय. त्या दिवशी इथं तुम्हीच होता. चावी गाडीतच होती असं कळलं, की दावा फेटाळतात. निष्काळजीपणा म्हणे!"

"बरं."

"बरं काय, बुवा? पैसे नाही आले तर दुसरी गाडी घ्यायची ऐपत नाही माझी. आठवड्यातून दोनदा आईला डायलिसिसला न्यायचं असतं. एसटीच्या धक्क्यांनी अर्धमेली होते हो ती."

बुवांचे हात थांबले.

"चपला कुठायत तुझ्या?"

"आं? एक पायरीपाशी... एक विहिरीमागं."

"लांब लांब का रे?"

"एकच चप्पल नेऊन चोर काय करणार? अस्सल कोल्हापुरी आहेत, बुवा, आणि चपलांना कुठला आलाय विमा! देवळात गेलो की मी नेहमी अशाच ठेवतो."

"गुरुवारीसुद्धा?"

"गुरुवारीसुद्धा."

"मिळाल्या?"

"मिळाल्या की."

बुवा गुडघ्यांवर हात टेकत उठले. आधी पायरीपाशी गेले, मग विहिरीमागं. दोन्ही चपला स्वतःच्या हातांनी उचलून आणल्या आणि दाभाडेसमोर जोडीनं ठेवल्या.

गुरूनं आपल्या चपला उचलल्या! दाभाडेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात कंपनीचा माणूस धापा टाकत टेकडी चढून आला. पाणी प्यायला, कागद काढले.

"बुवा, गाडी गेली तेव्हा चावी कुठं होती?"

बुवांनी दाभाडेकडे पाहिलं.

दाभाडेची नजर चपलांवर होती...

"गाडीत," तोच म्हणाला. "इंजिन चालू होतं. बुवांनी बजावलं होतं, मीच ऐकलं नाही." खिशातली नवी चावी काढून त्यानं खाली ठेवली. "आणि ही मी मागाहून करून घेतलीय."

त्या माणसानं सगळं लिहून घेतलं. "अवघड आहे हो आता," एवढंच म्हणाला आणि टेकडी उतरला.

दाभाडे लहान पोरासारखा रडला. बुवांनी त्याला रडू दिलं.

"गाडीही गेली, विमाही गेला," बऱ्याच वेळानं तो म्हणाला. "परवा आईला कसं नेऊ, बुवा?"

बुवांनी खुंटीवरची चावी काढली. मठाची एकुलती एक जुनी जीप होती, तिची. दाभाडेच्या तळहातावर ती ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

"माझ्या हातात देता?" दाभाडे हात मागं घेऊ लागला. "माझ्या? आणि हीपण गेली तर, बुवा?"

"ने बिनघोर. चोरीचा विमा नाही तिचा."