सर्वांत पुढे कोण आहे?

डोंगराच्या उतारावर, करवंदीच्या जाळीखाली, काळ्या मुंग्यांचे एक जुने वारूळ होते. वारूळ कसले, गावच ते! आत दालने होती, धान्याच्या खोल्या होत्या आणि सगळ्यांत खाली, ओलसर मातीत, अंडी ठेवायची जागा होती. मुलांनो, मुंग्यांमध्ये अंडे कुणा एकीचे नसते. जी उचलेल तिचे ते लेकरू. या वारुळाचा एकच नियम होता आणि तो लहानपणीच प्रत्येकीला शिकवला जाई. पुढचीच्या मागे चालायचे, थांबायचे नाही, रांग मोडायची नाही. नियम काही वाईट नव्हता. याच नियमाच्या बळावर त्यांनी आजवर आपल्याहून दसपट जड किडे ओढून घरी आणले होते.

त्या वारुळात एक मुंगी फार घाबरट होती. पान गळून पडले तरी ती दचके, सावली सरकली तरी पाय आखडून घेई. बाकीच्या तिला हसत. "हिला ज्वारीच्या दाण्याचीसुद्धा भीती वाटते," असे म्हणत. या भित्रेपणामुळे तिला एक खोड मात्र लागली होती. रांगेतून चालताना ती आजूबाजूला बघत असे. कुठून काय अंगावर येईल, याचा काय नेम!

एके दिवशी सकाळी खरोखरच अंगावर आले. आधी जमीन थरथरली, मग छप्पर फुटून ऊन आत घुसले. पाठोपाठ लांब नखे आली आणि नखांमागून एक ओले, गरम नाक आले. अस्वल होते ते! त्याने जोराचा श्वास ओढला आणि एक अख्खे दालन मुंग्यांसकट नाहीसे झाले. घाबरट मुंगीने समोर दिसले ते अंडे तोंडात धरले आणि ती वाट फुटेल तिकडे पळत सुटली. पोट भरल्यावर अस्वल निघून गेले. पण चव लागलेली जागा अस्वल विसरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. ते परत येणार होते.

तेव्हा वारूळ सोडायचे ठरले. समोरच्या उघड्या कातळापलीकडे उंबराचे एक मोठे झाड होते. त्याच्या मुळांशी बारा महिने ओल असे. तिथपर्यंतची वाट शोधणाऱ्या मुंग्यांनी आधीच शोधून ठेवली होती आणि वाटेवर आपला वास सोडला होता. ऊन तापायच्या आत अंडी घेऊन कातळ ओलांडायचा होता. कारण अंडे उन्हात फार वेळ टिकत नाही. आधी त्याची चकाकी जाते, मग त्याला सुरकुत्या पडतात आणि मग आतले लेकरू मरते.

रांग निघाली. घाबरट मुंगीच्या पुढे एक म्हातारी मुंगी होती, मागे एक बडबडी धाकटी होती. प्रत्येकीच्या तोंडात एकेक अंडे होते. म्हातारीला ओझे झेपत नव्हते, म्हणून ती तेवढी मोकळी चालत होती. मोठ्या डोक्याची पहारेकरीण रांगेच्या कडेने फिरत सगळ्यांवर नजर ठेवत होती. तोंडात अंडे असताना या बोलणार कशा, असे तुम्ही विचाराल. मुंग्या मिशांनी बोलतात. हसू नका, मुंग्यांमध्ये बायकांनाही मिशा असतात!

कातळाच्या मध्यावर पोचल्यावर एक वावटळ आली. धुळीने काही दिसेना. सगळ्या दगडाला चिकटून बसल्या. वावटळ गेली तेव्हा रांग थोडा वेळ थबकली आणि पुन्हा चालू लागली. सगळ्यांना हायसे वाटले, घाबरट मुंगीलाही वाटले. पुढच्या चालताहेत ना, मग झाले.

थोड्या वेळाने वाटेच्या कडेला तिला मेलेल्या भुंग्याचा एक निळा पंख पडलेला दिसला. त्याची तिला भीती वाटली आणि ती अंग चोरून पुढे गेली. बऱ्याच वेळाने पुन्हा एक निळा पंख दिसला. या कातळावर भुंगे फार मरतात वाटते, असे ती मनाशी म्हणाली. पण तिसऱ्यांदा निळा पंख दिसला तेव्हा तिने नीट पाहिले. त्याचा एक कोपरा फाटलेला होता. आधीच्या दोन्ही पंखांचाही तोच कोपरा फाटलेला होता.

"आजी," ती म्हणाली, "आपण या पंखावरून मघाशी गेलो नव्हतो का?"

"मला काय विचारतेस, बाई?" म्हातारी धापा टाकत म्हणाली. "मी पुढचीचे पाय बघते. इकडेतिकडे बघायला आपण काय फुलपाखरं आहोत?"

पहारेकरणीने ते ऐकले आणि ती तरातरा आली. "काय चाललंय? पुढे शहाण्या आहेत, त्यांना वाट कळते. तू मुकाट्याने चाल."

घाबरट मुंगी मुकाट्याने चालू लागली. पण ऊन चढत होते. कातळ आता पायांना चटके देऊ लागला होता. तिने तोंडातल्या अंड्याकडे पाहिले. सकाळी ते दवाच्या थेंबासारखे चमकत होते, आता चमक निम्मी राहिली होती. तिला रडू येऊ लागले. हे लेकरू मी कुठे घेऊन चालले आहे, हे मला माहीतच नाही, या विचाराने ती हबकली. शेवटी तिने भीतभीतच एक युक्ती केली. ती म्हातारीला म्हणाली, "आजी, एवढा एक निरोप पुढे द्या. सर्वांत पुढे कोण आहे आणि उंबर अजून किती लांब आहे? एकीने दुसरीला विचारत विचारत पुढपर्यंत जाऊ दे."

म्हातारीने कुरकुरत निरोप पुढे दिला. तिच्या पुढचीने आणखी पुढे दिला. निरोप निघून गेला आणि घाबरट मुंगी उत्तराची वाट बघत चालत राहिली. निळा पंख चौथ्यांदा आला आणि मागे पडला. आता उत्तर येईल, मग येईल, असे तिला वाटत होते.

एवढ्यात मागून धाकटीने तिला ढोसले. "अगं ताई, मागून एक निरोप आलाय. पुढे सांग म्हणतायत."

"काय निरोप?"

"सर्वांत पुढे कोण आहे आणि उंबर अजून किती लांब आहे?"

घाबरट मुंगीने पुढे पाठवलेला प्रश्न सगळी रांग फिरून मागून तिच्याचपाशी परत आला होता. म्हणजे रांगेला पुढचे टोक नव्हते, मागचेही नव्हते. वावटळीने वाटेवरचा वास पुसून टाकला होता. पुढच्या मुंग्या चाचपडत चाचपडत रांगेच्याच शेपटीला येऊन चिकटल्या होत्या. तेव्हापासून सगळ्या जणी तापत्या कातळावर गोल गोल फिरत होत्या. प्रत्येकीला वाटत होते की पुढे कुणीतरी शहाणी आहे. सर्वांत पुढे कुणीच नव्हते.

हे सगळ्यांना सांगावे असे तिला वाटले, पण पुढे काय? रांग सोडावी तर कुठे जायचे? कातळाच्या कडेला वाळूत खळगे होते. त्या खळग्यांच्या तळाशी एक किडा दडून बसतो आणि पाय घसरलेल्या मुंगीला वाळूत ओढून घेतो. गेल्या वर्षी रांग सोडून गेलेली एक मैत्रीण तशीच गेलेली तिने पाहिली होती. गप्प राहणेच सोपे होते. सगळ्यांबरोबर चालले की भीती तरी कमी वाटते.

तेवढ्यात पुढची म्हातारी कोसळली. पडलेल्या मुंगीला ओलांडून पुढे जायचे, हेही त्याच नियमात होते. घाबरट मुंगीने पाय उचललाही. पण म्हातारीच्या मिशा हलताना पाहून तिला पाऊल टाकवेना. ती जागच्या जागी उभी राहिली. धाकटी तिच्यावर आदळली, धाकटीवर तिच्या मागची आदळली. वारुळाच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणा एकीमुळे रांग थांबली.

"चल! जागा भर!" पहारेकरीण ओरडत आली.

"पुढे कोणी नाही, बाई," घाबरट मुंगी म्हणाली. "आपण गोल फिरतोय. माझाच निरोप मला मागून आला."

एकच गलका झाला. "मग कुठे जायचं? तू सांग! तू सांग!" मागच्या सगळ्या जणी ओरडू लागल्या. तिने गांगरून डावीकडे एक पाय टाकायला उचलला. तोच मागच्या शेकडो मुंग्यांनी आपले पाय डावीकडे उचलले. आजवर ती पुष्कळ गोष्टींना घाबरली होती, पण एवढी कधीच घाबरली नव्हती. डावीकडे खळगे असतील तर? या सगळ्या काही न विचारता तिच्या मागून खळग्यात उतरल्या असत्या. तिने उचललेला पाय हळूच जागेवर ठेवला.

"मला वाट माहीत नाही," ती म्हणाली. "माझ्या मागे येऊ नका. आधी बघू या."

हे ऐकून पहारेकरीण खवळली. "माहीत नाही म्हणे! हिच्या नादी लागून मरायचंय का? ज्यांना नियम पाळायचाय त्यांनी माझ्या मागे या." निम्म्याहून अधिक मुंग्या तिच्या मागे गेल्या. माहीत नाही म्हणणारीपेक्षा माहीत आहे म्हणणारी नेहमीच बरी वाटते. बघता बघता रांग पुन्हा जुळली आणि त्याच वाटेने फिरू लागली.

उरलेल्या जणी पडलेल्या म्हातारीभोवती गोळा झाल्या. घाबरट मुंगी म्हणाली, "तिघींनी तीन बाजूंना जायचं. शंभर पावलं जायचं, त्याहून जास्त नाही. वास सोडत जायचं आणि त्याच वासावरून परत यायचं. बाकीच्यांनी इथून हलायचं नाही." आपापली अंडी बाकीच्यांकडे सोपवून एका बाजूला धाकटी निघाली, दुसऱ्या बाजूला एक धिटुकली मुंगी निघाली. तिसऱ्या बाजूला कुणी जाईना. तेव्हा घाबरट मुंगीने आपले अंडे म्हातारीपाशी ठेवले.

"जा तू," म्हातारी क्षीणपणे म्हणाली. ती कशीबशी उठून अंड्यावर उभी राहिली आणि आपल्या अंगाची सावली तिने त्यावर धरली.

घाबरट मुंगी एकेक पाऊल मोजत गेली. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी ती पुढची जागा मिशांनी चाचपून पाही. साठाव्या पावलाला मिशांखालची वाळू सरकली आणि खाली घरंगळली. खालून काहीतरी फटकन हलले. ती तिथेच गोठून गेली. मग एकेक पाय मागे घेत ती वळली आणि जीव मुठीत धरून परत आली. तिची बाजू बंद होती.

धाकटी आधीच परत आली होती आणि आनंदाने नाचत होती. तिच्या तोंडाला ओली माती लागली होती. "उंबर! ताई, उंबराच्या पानांची सावली लागली मला!" धिटुकली मात्र आली नाही. त्यांनी वाट पाहिली, हाका मारल्या. ती शंभर पावलांवर थांबली नसावी. त्या बाजूला कुणी जायचे नाही, हे सगळ्यांना कळले. तिच्या जाण्याचे दुःख करायला तेव्हा वेळ नव्हता, आणि याचेच घाबरट मुंगीला फार वाईट वाटले.

धाकटीच्या वासावरून सगळ्या निघाल्या. म्हातारीला दोघींनी उचलून घेतले. उंबराच्या मुळाशी पोचल्यावर घाबरट मुंगीने अंडे ओल्या मातीत ठेवले आणि ती त्याच्याकडे एकटक बघत बसली. बराच वेळ काही झाले नाही. मग अंड्यावर बारीकशी चमक आली आणि आतले लेकरू किंचित हलले. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

"आता बस बाई जरा," धाकटी म्हणाली.

"तिकडे त्या अजून फिरतायत," घाबरट मुंगी म्हणाली आणि उठली.

भर दुपार झाली होती. कातळावर पाय ठेवताना तिचा जीव घाबरा होत होता, तरी ती गेली. रांग अजून फिरतच होती, पण आता ती लहान झाली होती. वाटेत ठिकठिकाणी मुंग्या पडल्या होत्या आणि बाकीच्या त्यांना ओलांडून चालल्या होत्या. पहारेकरणीने त्यांच्यापैकीच कुणाचे तरी अंडे उचलून तोंडात धरले होते. घाबरट मुंगी तिच्या वाटेत आडवी उभी राहिली.

"बाजूला हो," पहारेकरीण थकलेल्या मिशांनी म्हणाली. "रांग खोळंबलीय. उंबर आता आलाच."

"बाई, उंबर त्या बाजूला आहे. मी तिथूनच आले. तोंडातलं अंडं बघा एकदा."

पहारेकरणीने अंडे खाली ठेवले. ते पार सुकून गेले होते. तिने मिशी लावताच त्याचा भुगा झाला.

"हे कधी वाळलं?" घाबरट मुंगीने विचारले.

पहारेकरणीने भुग्यावरून पुन्हा एकदा मिशी फिरवली. "मला नाही माहीत," ती म्हणाली. "मी पुढचीकडे बघत होते."

तात्पर्य : सगळे चालले आहेत म्हणून चालत राहू नये. ज्यांचा जीव आपल्या हाती आहे त्यांच्याकडे बघून, क्षणभर थांबून, आपण कुठे निघालो आहोत हे विचारावे. वाट माहीत नसेल तर तसे सांगायला लाजू नये.