पालथ्या आणि उताण्या

हाडामांसाला वाचा होती, तेव्हाची गोष्ट. चांगुणाक्काच्या कोपराखाली दोन स्नायू राहत. पालथ्या तळवा खाली वळवी, उताण्या वर.

"भाकरी मी थापतो," पालथ्या म्हणाला. "तू नुसता हात पसरतोस, भिकारड्या!"

उताण्या रुसून बसला.

भाकरी थापून झाली. पण तळवा वर वळेना, भाकरी हातावर येईना. "अगं बाई, हाताला झालं काय?" चांगुणाक्का ओरडली. तवा धुरावला, पोरं ताटं वाजवू लागली.

"उचल की रे, दादा!" पालथ्या विनवू लागला.

"आधी तू सैल हो," उताण्या हसला. भाकरी तळव्यावर आली. "आता मी सैल होतो. टाक तव्यावर!"

भाकरी टम्म फुगली.

खोटं वाटतं? कोपराखाली बोटं ठेवून तळवा फिरवा. अजून बोलतात मेले!