सोजरआत्याचं सवणं

फार वर्षांपूर्वी, साळेगव्हाणात एकाही घराला खिडकी नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. खिडकी नव्हती ती लुटारूंच्या भीतीने. लुटारू आले तसे गेले, भीती मात्र घरातच राहिली. दगडाच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद आणि माळवदाच्या मधोमध हातभर रुंद भोक. त्याला सवणं म्हणतात. उजेड तिथूनच आत यायचा आणि धूर तिथूनच बाहेर जायचा.

त्या गावात सोजरआत्या राहायची. नवरा वारल्यावर भावाच्या आसऱ्याला आली, म्हणून ती सगळ्या गावाचीच आत्या. काटकुळी बाई, पण पावसाळ्याआधी माळवदांवर पांढरी माती दाबून बसवावी ती तिनेच. काम झालं की ती घरमालकिणीला बजावायची. दाराशेजारी जमिनीलगत लहान झरोका ठेवा, म्हणजे खालून गार वारा येईल आणि वरून तापलेला जाईल. वैशाखात दिवस मावळला की सवण्याचं झाकण काढा, ऊन चढायच्या आत परत लावा. पौषात विस्तव असेल तोवर चार बोटं तरी उघडं राहू द्या. असं म्हणतात, की तिचं ऐकणाऱ्या घरात भर वैशाखात माणसं घोंगडी पांघरायची आणि पौषात दोन गोवऱ्यांवर सगळं घर ऊबदार राहायचं. घोंगडीचं मी काही मानत नाही. पण घरं सुखाची होती, एवढं खरं असावं.

गावाला मात्र तिचा संशय यायचा. जी बाई सगळ्यांच्या माळवदावर फिरते, सवण्यावर पालथा हात धरून उभी राहते, ती आत बघत नसेल कशावरून? कुणाच्या कणगीत काय आहे, कुणाच्या अंगावर किती सोनं आहे, हे तिला ठाऊक नसेल? तिला विचारलं तर म्हणायची, ‘‘घराचा श्वास बगतेय.’’ आता असल्या उत्तराने कुणाचं समाधान व्हायचं!

मग एका पौषात गावातल्या दोन बाळंतिणी लागोपाठ गेल्या, तान्ह्यांसकट. बाळंतिणीची खोली म्हणजे दार बंद, फटींत चिंध्या आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. त्या झोपल्या त्या उठल्याच नाहीत. अंगावर ओरखडा नाही, उलट गालांवर लाली. गाव म्हणालं, दृष्ट लागली. आणि घराघरात वरून बघणारं माणूस गावात एकच होतं.

त्याच महिन्यात बयाजी पाटलांची लेक ठकू माहेरी बाळंत झाली. पहिलटकरीण, मुलगा झालेला. पाटलांनी खोलीच्या सवण्यावर दगडाची फरशी ठेवली, कडेने चिखल लिंपला, खालचा झरोकाही बुजवला आणि माळवदावर येसू जागल्याला काठी देऊन बसवलं. हे कळताच सोजरआत्या पाटलांच्या अंगणात आली.

‘‘पाटील, शेगडी ठिवा, पर वरचं उघडा. निखाऱ्याला वारा लागतो, लेकीला बी लागतो. कोंडल्या जागंत दोघांचं भागत न्हाई.’’

‘‘सोजरे, भोकं पाडून कुनाला वाट करून देतीस?’’ पाटील म्हणाले. ‘‘माझ्या माळवदावर तुझी सावली जरी दिसली, तरी येसूची काठी हाय अन् तू हायेस.’’

पाटलांना एवढ्यावरून वाईट म्हणू नका. लेक जगावी म्हणूनच ते चिखल लिंपत होते. भीती वाढत गेली आणि चिखलाचा थर जाड होत गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं होतं, बोचरा गारठा होता. गावातली माळवदं एकमेकांना लागून. सोजरआत्या शेजारच्या माळवदावरून कडेपर्यंत आली आणि तिने विचारलं, ‘‘येसू, पोर कवा रडलं?’’

येसूने आठवून पाहिलं. ‘‘सकाळपासनं न्हाई. लई गुनाचं हाय.’’

‘‘तान्हं एवढं गुनाचं नसतं, बाबा.’’

इथून पुढे गावातले लोक डोळे मिटून सांगतात. असं म्हणतात, की येसूने हात जोडले आणि तो बाजूला झाला. फरशी आपोआप सरकली. आतून असा काळा भपका निघाला, की दिवसाउजेडी अंधारून आलं. सोजरआत्या आत उतरली. आधी लुगड्याच्या झोळीत तान्हं वर आलं, येसूने ते ओढून घेतलं. वारा लागला आणि पोर रडलं. मग आतून कडी निघाली, ठकू उंबऱ्यावर कोसळली, पण वाचली. पाटील आत धावले तर खोली रिकामी! सवण्यातून फक्त ऊबदार झुळूक वर जात होती. सोजरआत्या वारा होऊन गेली, असं म्हणतात.

मला हे पटत नाही, आणि ऐकताना दर वेळी राग येतो. निखाऱ्यांचा तो जीवघेणा वायू डोळ्यांना दिसत असता, तर आधीच्या दोघी मेल्या असत्या का? आणि बाईचा देह कुठे गेला? माणूस वारा झालं म्हटलं, की त्याच्या अंगावरचे वळ कुणी बघायला मागत नाही.

आता साळेगव्हाणात सिमेंटची घरं आहेत, कूलर आहेत, दोन घरांत एसीसुद्धा आहे. तरी बाळंतिणीच्या खोलीला छताखाली एक भोक असतंच, त्याला आत्याचं सवणं म्हणतात. बाळंतिणीला आत नेण्याआधी ते चिखलाने बुजवतात आणि तिच्या बापाने हाताने फोडायचं असतं. हात वर गेला, की येसूच्या घराण्यातला माणूस त्या मनगटावर काठी मारतो. हळू नाही मारत. बापाने हात मागे घ्यायचा नाही, वारा लागेपर्यंत चिखल उकरत राहायचं.

एकदा असं सवणं फोडायच्या वेळी मी तिथे होतो, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं, येसूने हात जोडले होते ना, मग ही काठी कशाला? ते म्हणाले, ‘‘तशी रीतच हाय.’’ मग मी पुढचं विचारलं नाही. येसूच्या वंशजाच्या हातात ती काठी कोण देतं, हे मला समोरच दिसत होतं. पाटलांच्या घरातला सगळ्यात थोरला माणूस ती देतो, आणि देताना त्याची मान खाली असते.