पाचपानी पाल्याचा नैवेद्य

शके सतराशे बहात्तर, भाद्रपद शुद्ध पंचमी. त्या ऋषिपंचमीस श्रीनिरालंब महाराजांचा मुक्काम जंजिरेकर सिद्दीच्या मुलखात, हबसाणातील करंजदांडा गावी, खाडीकाठच्या मठात होता. बैलाच्या श्रमाचे त्या दिवशी काही खायचे नाही. म्हणून घरोघरची हातलावणीची भाजी एकाच पातेल्यात शिजवावी, असा मठाचा रिवाज.

जुलेखाबी या सिद्दी विधवेने परसातला वाफा पहाटेच खुडून रिकामा केला. तिच्या आजीने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पदराच्या गाठीत आणलेल्या बियांचा तो पाचपानी कडू पाला. गाव त्याला तण म्हणे. तिचे लोक बाळंतिणीला भरवीत.

पातेल्यापाशी त्र्यंबकशास्त्री वैद्य उभे होते. "हा हबशांचा पाला? निघंटूत नाव तरी आहे का याचं? शेळ्यांचा नैवेद्य वेगळा असतो हो, बाई!" मंडळी खदखदली. शास्त्र्यांनी टोपली उकिरड्यावर भिरकावली.

"बैल लावला नाही, शास्त्रीबुवा. या हातांनी पाणी घातलंय," जुलेखाबी म्हणाली. "मग कुठला नेम मोडला, तेवढं सांगा."

नेम मोडलाच नव्हता! ती रडली नाही. संतापाने तिचे डोळे कोरडे ठक्क पडले होते. पाठ फिरवून ती घरी गेली.

महाराजांपुढे पान आले. त्यांनी ते दूर सारले. "एक घर हाकललंत आणि मला जेवायला बसवता? लाज नाही वाटत?"

इतक्यात शास्त्र्यांच्या घरून निरोप आला. बाळंतपणाला आलेली लेक भागीरथी; तिच्या हिरड्यांतले रक्त कोणत्याही मात्रेने थांबले नव्हते, आता शुद्धही हरपली.

"महाराज, माझी भागू!"

"औषध सकाळी दारात आलं होतं. तू फेकलंस. जा, आण!"

उकिरडा शेळ्यांनी साफ केला होता. शास्त्री जुलेखाबीच्या दारी धावले.

"आता कशाला आलात? शेळ्यांना विचारा!" ती कडाडली.

"भागू जाते आहे गं, जुलेखाबी!"

जिभेवर आलेले तिने गिळले. राग गिळला, तो गेला नाही. "देऊ काय? एक पान मागे ठेवलं नाही मी," म्हणत तिने परसदार उघडले, आणि काय नवल! पहाटे खुडलेला वाफा गुडघाभर हिरवागार डोलत होता!

तिने पाला शिजवून त्याचे पाणी भागूच्या ओठांत घातले. रक्त थांबले. दिवेलागणीला भागू पुटपुटली, "आई, भूक लागली."

शास्त्री महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "इकडे नव्हे." तेव्हा साऱ्या गावादेखत शास्त्र्यांनी जुलेखाबीला दंडवत घातले.

महाराजांनी तिच्या हातच्या त्या पाल्याच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि ते म्हणाले, "भाजी सोवळीच होती, त्र्यंबका. ओवळा होता तो फेकणारा हात."