हैबती पैलवानाचं लुगडं

एका गावात एक मिशी होती. मिशीमागे माणूसही होता म्हणा, हैबती पैलवान त्याचं नाव. पण वळणावर गावाला आधी मिशी दिसायची आणि मागून पैलवान. ऐन उमेदीत त्यानं भल्याभल्यांची पाठ मातीला लावली होती. आता वय उतरणीला लागलं होतं. तालमीतल्या पोरांना डाव शिकवायचे, एवढंच काम उरलं होतं. पण मिशीचा पीळ तेवढा तसाच होता. माणूस मनानं लोण्यासारखा मऊ. खोड एकच. "मला हे जमत नाही" एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं.

त्याच गल्लीत द्वारकाबाई राहायची. तिचा नवरा हैबतीचा तालमीतला जिवाभावाचा दोस्त. तो वारला, लेक सासरी गेली, आणि घरात उरली द्वारकाबाई, तिचं एक मांजर आणि काजळी नावाची म्हैस. काजळीचं रेडकू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलं. तेव्हापासून तिनं सगळी माया द्वारकाबाईला लावली. बाई दिसली नाही की रेकायची, दिसली की मान खांद्यावर टाकायची. द्वारकाबाईही धार काढताना तिच्याशी बोलत बसायची, अगदी माहेरी आलेल्या लेकीशी बोलावं तसं.

एके दिवशी निरोप आला. लेकीचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाला आई हवी. द्वारकाबाईनं बोचकं बांधलं आणि घराची किल्ली हैबतीच्या हातात दिली.

"भावजी, तुमच्या भरवशावर जाते. काजळीचं तेवढं जरा वेगळं आहे. तिला ना..."

"वहिनी," हैबती मिशीला पीळ देत म्हणाला, "उधळलेला रेडा शिंगाला धरून बसवलाय मी. म्हशीचं काय घेऊन बसलात?"

"तसं नव्हे. धार काढताना..."

"गाडी खोळंबलीय, वहिनी. निघा तुम्ही. लेकीकडं बघा."

गाडीवान खरंच घाई करत होता. द्वारकाबाई चढता चढता एवढंच म्हणाली, "काही अडलं तर अनसाला हाक मारा. ती भिंतीपलीकडंच आहे."

अडलं तर? हैबतीला मनातून हसूच आलं. म्हशीपायी पैलवानानं शेजारणीला हाक मारायची? गाडी धुरळा उडवत गेली, आणि सांगायचं राहिलेलं तसंच तिच्याबरोबर गेलं.

हैबतीनं आपलं अंथरूण द्वारकाबाईच्या ओसरीवर आणून टाकलं आणि पदर खोचून नव्हे, पण धोतर खोचून कामाला लागला. अंगण झाडलं. तुळशीला पाणी घातलं. गोठा असा लख्ख केला की काजळीनंसुद्धा वळून बघितलं. गोठ्यात खुंटीवर द्वारकाबाईचं एक जुनं लुगडं लटकत होतं, शेणाचे डाग पडलेलं, धुराचा वास मारणारं. एवढी टापटिपीची बाई आणि हे कसं विसरली, असं म्हणत त्यानं त्याचा बोळा केला आणि माळ्यावर टाकून दिला.

संध्याकाळी तो बादली घेऊन काजळीपाशी बसला. सडाला हात लावला मात्र, काजळीनं अशी लाथ झाडली की बादली एकीकडं आणि पैलवान दुसरीकडं. तो उठला. धूळ झटकली. पुन्हा बसला. काजळीनं पान्हा चोरला. ओढून ओढून थेंब निघाला नाही.

तेवढ्यात भिंतीवरून अनसाबाईचं डोकं डोकावलं. वयस्क बाई. जन्म गुराढोरांत गेला होता, पण आता संधिवातानं बोटं वाकडी झाली होती.

"पैलवान, पान्हवली का काजळी?"

इथं एक शब्द पुरला असता. नाही. बस्स, एवढाच. पण मिशी आडवी आली.

"न पान्हवायला काय झालं? बादली भरली की."

"मग दूध कुठं दिसत नाही ते?"

"पैलवानाच्या पोटात गेलं."

अनसाबाईचं डोकं खाली गेलं.

दुसऱ्या दिवशी हैबतीनं नाना उपाय केले. सरकीची पेंड भिजवून घातली. गूळ चारला. अंगाला खरारा केला. गोंजारलं, मग दरडावलं, मग पुन्हा गोंजारलं. मागचे पाय बांधून पाहिले. काजळी दाराकडं तोंड करून रेकत राहिली. बिचारीला वाटत होतं, बाई आत्ता येईल. मांजर रिकाम्या वाटीपाशी बसून बसून कंटाळलं आणि भिंतीवरून उडी मारून पलीकडं गेलं. दुपारी अनसाबाईचा आवाज आला.

"पैलवान, बादलीभर दूध निघतंय आणि मांजर उपाशी माझ्या दारात कसं?"

"खादाड आहे ते," हैबती म्हणाला.

पण हे म्हणताना त्याचं त्यालाच बरं वाटलं नाही. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. कुस्तीत हरला असेल, पण फसवून कधी जिंकला नव्हता. आणि इथं तो एका म्हाताऱ्या बाईला आणि एका मांजराला फसवत होता.

त्यानंतरच्या सकाळी काजळीनं वैरणीला तोंड लावलं नाही. हैबतीनं कासेवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. कास तापली होती, दगडासारखी टणक झाली होती. एका सडातून कसाबसा एक थेंब आला, तोही लालसर. काजळी लाथ मारायचंही विसरली होती. तिनं नुसती मान वळवून त्याच्याकडं बघितलं. डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती.

दोस्ताची बायको घर टाकून गेली ती हैबतीच्या शब्दावर. काजळी तिचं जनावर नव्हतं, घरातलं माणूस होतं. हिला काही झालं तर वहिनीला तोंड कसं दाखवायचं? आणि मदत कुठं होती? हाताच्या अंतरावर. मातीची छातीभर उंच भिंत. तो उठून भिंतीपाशी गेला आणि मागं फिरला. बाई विचारेल, मग त्या दिवशी बादली भरली म्हणालात ते काय होतं? गावभर होईल. तालमीतली पोरं तोंडावर हसतील. तो पुन्हा गोठ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला.

काजळी कण्हली. म्हैस कण्हते, हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.

मग मात्र त्यानं मागचापुढचा विचार केला नाही. भिंतीला छाती टेकवून त्यानं हाक मारली. "अनसाक्का." आखाड्यात घुमणारा आवाज, पण त्या वेळी अगदी चिरका निघाला.

अनसाबाई जशी होती तशी आली, पिठाच्या हातानं. कासेवरून वाकडी बोटं फिरवली आणि विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. अक्का, मी तुमच्याशी खोटं बोललो."

"ठाऊक आहे मला. मांजरानं सांगितलं." तिनं घरातल्या चुलीकडं बोट केलं. "पाणी तापत ठेवा."

"तुम्ही रागवा तरी मला."

"रागवायला मला वेळ आहे, हिला नाही. आणि चूक काय तुमची एकट्याची? मला कळलं होतं, तरी मी हाकेची वाट बघत बसले. म्हटलं, पैलवानाला गरज नाही तर मी कशाला जाऊ? माझाही ताठा कमी नाही."

गरम पाण्याच्या फडक्यानं शेक दिला. कोरफडीचा गर आणि हळद कालवून लेप लावला. काजळी जरा शांत झाली. मग अनसाबाई म्हणाली, "आता धार काढायला हवी. आतलं सगळं बाहेर आलं पाहिजे. माझ्या बोटांत जोर नाही, तुमच्याच हातानं व्हायचं. द्वारकाचं लुगडं कुठंय?"

"कुठलं लुगडं?"

"खुंटीवर ठेवून गेली होती ते. मुद्दाम न धुता ठेवलं होतं तिनं. काजळी त्या वासाशिवाय पान्हवत नाही. जो कुणी धार काढेल त्यानं ते नेसायचं. सांगितलं नाही का तिनं तुम्हाला?"

हैबतीनं मान खाली घातली. "सांगत होती. मीच सांगू दिलं नाही."

माळ्यावरून बोळा खाली आला. हैबतीनं तो हातात धरला आणि गोठ्याच्या दाराकडं बघितलं. दार गल्लीवर उघडत होतं. तालमीत जायची पोरांची तीच वाट आणि तीच वेळ.

"दार लावून घेऊ का, अक्का?"

"लावा की. पण काजळी अंधारात बुजते. द्वारका कधी दार लावत नाही."

हैबतीनं दार उघडंच ठेवलं. मग त्यानं धोतरावरून लुगडं गुंडाळलं, निऱ्या जमल्या तशा खोचल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि उघड्या दारात काजळीच्या पोटाला डोकं टेकवून बसला.

"आता बोला तिच्याशी," अनसाबाई म्हणाली.

"काय बोलू?"

"द्वारका काय बोलते? घरातलंच. चुलीचं, पोरीचं."

हैबतीनं घसा खाकरला. "काजळे," तो हळूच म्हणाला, "बाय माझी. तुझी बाई लेकीकडं गेलीय. तिच्या लेकीचे दिवस भरलेत ना, म्हणून. तुला टाकून गेली नाही ती. येणार आहे. माझं चुकलं बघ. मला तुझं काही कळत नाही, आणि मी कळतंय म्हणून सांगत बसलो."

दाराबाहेर पावलं थांबली. कुणीतरी खुदकन हसलं. मग बरीच पोरं हसली. "वस्ताद नथ विसरले," एक म्हणाला. हैबतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण त्यानं मान वळवली नाही. वळवली असती तर पदर ढळला असता. तो काजळीशीच बोलत राहिला.

काजळीनं नाक फेंदारलं. लुगड्याचा वास घेतला. एक लांब सुस्कारा टाकला आणि हैबतीच्या हाताखाली कास सैल झाली.

बादलीत पहिली धार पडली तेव्हा बाहेरचं हसणं आपोआप थांबलं. पोरं कुणब्यांचीच होती. लालसर दूध बघून त्यांना सगळं कळलं. मघाचा तो नथवाला पोरगा आत आला, बादली नीट धरून बसला आणि म्हणाला, "वस्ताद, सावकाश." ते दूध कुणाच्या पोटात जाऊ नये म्हणून अनसाबाईनं राखेत ओतून टाकलं. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ पैलवान लुगडं नेसून उघड्या दारात बसू लागला. पहिल्यांदा गाव बघायला आलं. मग गावालाही कंटाळा आला. पुढं दूध चांगलं येऊ लागलं आणि मांजर आपल्या घरी परतलं.

काजळी वाचली. पण एक सड मात्र सुकला तो सुकलाच. अनसाबाईनं हात लावून सांगितलं, "एक दिवस आधी कळतं तर हाही राहिला असता." ती टोचून बोलली नव्हती. तरी हैबतीला ते फार लागलं.

द्वारकाबाई परतली ती नातू झाल्याचे पेढे घेऊन. हैबती दारातच उभा होता. बोचकं खाली ठेवायच्या आत तो म्हणाला, "वहिनी, पेढा मागाहून द्या. आधी ऐका. काजळीचा एक सड गेला. दुखण्यानं नाही गेला. माझ्या मिशीनं खाल्ला." आणि त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही न झाकता.

द्वारकाबाई तडक गोठ्यात गेली. काजळीनं मान तिच्या खांद्यावर टाकली. तिनं कासेवरून हात फिरवला, सुकलेल्या सडापाशी हात थांबला, आणि तिचे डोळे भरून आले. हैबतीला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या तर बरं.

"तीन राहिले, ते कुणी राखले?" तिनं विचारलं.

"अनसाक्कानं. आणि तुमच्या लुगड्यानं."

"आणि ते नेसलं कुणी?"

द्वारकाबाईनं पेढा काढून हैबतीच्या हातावर ठेवला.

वर्षभरानं नातवाचं जावळ निघालं. द्वारकाबाईला पुन्हा जायचं होतं. गावात बातमी फुटताच गल्लीतला एक उमदा गडी पुढं आला. "काकू, किल्ली माझ्याकडं द्या. मला काही सांगायचीसुद्धा गरज नाही."

"म्हणूनच नको, बाबा," द्वारकाबाई म्हणाली आणि किल्ली घेऊन हैबतीच्या ओसरीवर गेली.

हैबतीनं हात पुढं केला नाही. तो आधी अनसाबाईच्या भिंतीपाशी गेला. "अनसाक्का, जरा या. वहिनी सांगणार आहेत, दोघं मिळून ऐकू." मग परत येऊन तो खाली मांडी घालून बसला.

"सांगा, वहिनी. गाडी खोळंबली तर खोळंबू दे, सगळं सांगा. आणि ते लुगडं धुतलं नाहीत ना?"

तात्पर्य: दुसऱ्याचं घर आणि त्यातले मुके जीव सांभाळायला घेतले की आपला ताठा उंबऱ्याबाहेर काढून ठेवावा. अडलं की लगेच हाक मारावी. आपण लाजेपायी जो उशीर करतो, तो बोलता न येणाऱ्याला सोसावा लागतो.